कन्व्हर्टरवरचा आळ

मोहगावात मामाचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ रिपेअरिंग’ लिहिलेलं असलं तरी दुरुस्तीला रेडिओ येणं कधीचंच थांबलं. आता मिक्सर, पंख्याच्या मोटरी, भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर, शिवरात्रीला अर्धनारीश्वराच्या जत्रेत लागणारे भोंगे, जे येईल ते. भाचा नागपुरात नोकरी करतो, शिकलेला इंजिनिअर आहे आणि गिटार वाजवतो. त्याच्या आत्येभावानं अमेरिकेतून कायमचं परत येताना आपला जुना वाल्व्हचा गिटार अॅम्प त्याला देऊन टाकला आणि तो मोहगावच्या घरी आला. मागच्या पत्र्यावर ठसठशीत लिहिलं होतं : 120 वोल्ट, 60 हर्ट्झ, 100 वॉट. आपल्या भिंतीत 230 वोल्ट आणि 50 हर्ट्झ. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर आला, आणि त्याच्या पाठोपाठ गुणगुण आली.

त्या गुणगुणीवरून दोघांची जुंपली. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे भाच्याला झापायचं तरी मामाला आधी वाकावं लागतं. ते झाल्यावर मात्र त्यानं काही हातचं राखलं नाही. बोलणं झालं तसं देतो आहे. मध्ये मध्ये मीही तोंड घालणार आहे.

भाचा : मामाजी, कन्व्हर्टरचाच दोष आहे. पहिला तर बाजूलाच टाकला. हा दुसरा चांगला चार किलोचा घेतला, तरी गुणगुण जात नाही. आता प्युअर साइन वेव्हचा मागवतो. नाहीतर सरळ पॉवर कंडिशनर.

मामा : थांब बाप्पा. पयले सांग, कोणती गुणगुण?

भाचा : कोणती म्हणजे? येते ती.

मामा : अबे, एक असती तं मी काहून विचारलं असतं? तुह्या पेटीतून तीन आवाज येऊन राह्यले. एक जाडी हमिंग, एक तिच्याहून बारीक, अन् तिसरी चरचर. तू तिघीले एकच नाव ठेवलं अन् आळ टाकला कन्व्हर्टरवर. तो बिचारा लोखंडाचा गोळा, त्याले बोलता येत नाई.

भाचा : पहिल्यावरचा आळ तरी खरा होता ना?

मामा : तो खराच होता. तो कन्व्हर्टर नव्हताच.

मामाचं हे बरोबर आहे, आणि परदेशातून सामान आणणाऱ्या प्रत्येक घरानं ते माहीत करून घ्यावं. पहिला कन्व्हर्टर हाताच्या पंजाएवढा, वजनाला हलका आणि अंगावर 1600 वॉट लिहिलेला. एवढ्याशा डबीत एवढी ताकद लिहिलेली दिसली की तिथेच संशय यायला हवा. असे कन्व्हर्टर प्रवाशांच्या इस्त्रीसाठी आणि केस वाळवायच्या यंत्रासाठी असतात. आत ट्रान्सफॉर्मर नसतोच. ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडाच भाग पुढे सोडतो. त्यानं उष्णता निम्म्याहून कमी होते, पण लाटेचा माथा जवळजवळ पूर्वीइतकाच उंच राहतो आणि तिला एक तुटकी कड येते. इस्त्रीला त्याचं काही वाटत नाही. अॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर मात्र त्या कडेवर दर सेकंदाला शंभर वेळा ठेचकाळतो, आणि स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज निघतो. अशा डबीवर अॅम्प जळला नाही हेच नशीब.

दुसरा कन्व्हर्टर खरा होता : लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला. भाच्याला वाटलं, हाही तसलाच निघाला.

मामा : तुहा कान चांगला हाय म्हणते सारे. सांग, ही बारीक हमिंग कोणत्या सुरात हाय?

भाचा : (सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबून) जी. नाही, जीच्या जराशी वर.

मामा : जी म्हंजे किती?

भाचा : 98 हर्ट्झ. म्हणजे गुणगुण... 100.

मामा : अन् जाडी?

भाचा : तिच्याच खालच्या सप्तकात. 50.

मामा : झालं तं. दोघी येगळ्या घरच्या हायेत.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या तपासाची किल्ली या दोन आकड्यांत आहे. वीज आपल्याकडे सेकंदाला 50 आवर्तनं करते. अॅम्पच्या आत ती एकदिश होताना लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर येतो, त्यामुळे उरलेली थरथर 100 ची होते. ती गाळून टाकायला मोठे कंडेन्सर असतात. ते वर्षानुवर्षांनी आतून वाळले की 100 ची थरथर स्पीकरपर्यंत पोचते. उलट 50 ची गुणगुण बहुतेक वेळा एकदिश होण्याआधीच्या विजेची असते : वाल्व्ह तापवणाऱ्या तारांतून आलेली, अर्थिंगच्या गोंधळातून आलेली किंवा हवेतून गिटारच्या पिकअपमध्ये शिरलेली. हीच पेटी अमेरिकेत असती तर 60 आणि 120 वर गुणगुणली असती, म्हणजे बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी. सूर ओळखता येणाऱ्या माणसाला यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. भाच्याकडे हे सगळं ज्ञान होतं. ते त्यानं गिटार वाजवण्यापुरतं ठेवलं होतं, एवढंच.

मामा : आता गिटारची पिन काढ.

भाचा : काढली. जाडी गेली, चरचरही गेली. बारीक राहिली.

मामा : आवाजाचं बटन झिरोवर आण.

भाचा : तरी आहे. बारीकच, पण आहे.

मामा : म्हंजे बारीक तुह्या पेटीच्या पोटातली हाय. कंडेन्सर म्हातारे झाले. तिले ना कन्व्हर्टर जबाबदार, ना मोहगाव. ती न्यू यॉर्कातही होती, तुह्या भावाले आयकू आली नसन. आता पिन लाव, अन् गिटार घेऊन उभा राह्य. जागेवर गोल फिर.

भाचा : ...अरे! या बाजूला तोंड केलं की जाडी जवळजवळ बंद होते. तिकडे वळलो की पुन्हा वाढते.

मामा : तिकडे काय हाय?

भाचा : कन्व्हर्टर.

मामा : कुठं ठेवला?

भाचा : खुर्चीजवळ. वायर आखूड आहे ना.

मामा : मंग त्याचा एवढाच गुन्हा, की तू त्याले मांडीजवळ घेऊन बसला.

गिटारचं साधं पिकअप म्हणजे चुंबकावर केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. ते तारेची थरथर टिपायला केलेलं असलं तरी जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून निसटलेलं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच निष्ठेनं टिपतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर तोडगा काढला : दोन वेटोळी, उलट गुंडाळलेली, चुंबकांची टोकंही उलट. तारेचा आवाज दोन्हीत मिळून येतो, बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. नावच त्यांनी हमबकर ठेवलं. भाच्याकडे मात्र जुन्या पद्धतीची, एकेरी वेटोळ्याची गिटार आहे, आणि तिचा काचेसारखा आवाज त्याला सोडायचा नाही. मामाला हा हट्ट पटत नाही. मला पटतो. पण त्याची किंमत म्हणून ट्रान्सफॉर्मर लांब ठेवावा लागतो. असं क्षेत्र अंतराच्या घनाच्या हिशोबानं विरत जातं. दुप्पट लांब नेलं की साधारण आठवा हिस्सा उरतो. भाच्यानं नागपुरातून आणलेल्या चांगल्या जाड वायरनं कन्व्हर्टर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि जाडी हमिंग बरीचशी बसली. पॉवर कंडिशनर घेतला असता तर तोही लोखंडाचाच गोळा, आणि भाच्यानं तो बहुधा खुर्चीजवळच ठेवला असता.

चरचर मात्र तशीच होती.

भाचा : ही तरी कन्व्हर्टरची. विजेत घाण आहे, ती तो तशीच पुढे पाठवतो.

मामा : घाण हाय, खरं. पण कोणाची, ते पाहू. तो ट्रान्झिस्टर आण फळीवरचा.

भाचा : रेडिओ? मामाजी, ऑसिलोस्कोपवर दोन मिनिटांत दिसेल.

मामा : तुह्या खिशात हाय तो स्कोप? नाई ना. मंग आण.

मामानं मीडियम वेव्ह लावली. आधी नागपूर आकाशवाणी, 585 किलोहर्ट्झ, धडपणे ऐकू येते का ते पाहिलं. मग काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर आणला आणि रेडिओ हातात धरून घरभर हिंडला. टीव्हीजवळ थोडी खरखर. देवघरातल्या चिनी लुकलुकणाऱ्या माळेपाशी जास्त. पंख्याच्या रेग्युलेटरपाशी नेला तर रेडिओ नुसता किंचाळला.

मामा : फॅन फुल कर.

भाचा : ...गेली. अॅम्पमधलीही गेली.

मामा : अर्ध्यावर आण.

भाचा : परत आली.

तो रेग्युलेटर म्हणजे पहिल्या कन्व्हर्टरचाच सख्खा भाऊ : ट्रायॅकनं लाट कापणारा. जुना, मोठ्या डब्याचा रेग्युलेटर नुसता तापायचा, आवाज करत नसे. आजचे कंडेन्सरवर चालणारे टप्प्याटप्प्यांचे रेग्युलेटरही शांत असतात. उन्हाळ्यात मोहगावात पंखा बंद करून ब्लूज वाजवा असं सांगायची माझी हिंमत नाही, पण रेग्युलेटर बदलायला हरकत नाही. आणि मीडियम वेव्हचा रेडिओ भंगारात देऊ नका, एवढंही सांगून ठेवतो. घरात वीज कोण नासवतं ते शोधायला त्याच्याइतकं स्वस्त हत्यार नाही.

तेवढ्यात लाइन गेली. इन्व्हर्टर लागला, आणि अॅम्प असा भणभणला की भाच्यानं झटकन बटण बंद केलं.

मामा : पाह्यलं? कन्व्हर्टर तोच. पेटी तीच.

भाचा : स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. हे मला समजायला हवं होतं.

मामा : समजलं असतं रे, पण तू ज्याच्यावर डोळा ठेवला त्याच्याकडूनच सारं वदवून घेऊन राह्यला होता.

स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी पायऱ्या देतो. ट्यूबलाइट आणि पंखा त्यावर कुरकुरत चालतात. वाल्व्हचा अॅम्प त्यावर लावूच नये. इथे भाच्याची ‘प्युअर साइन’ची मागणी रास्त होती, पण ती कन्व्हर्टरकडे नव्हे, इन्व्हर्टरकडे करायची होती.

आता राहिलेली गोष्ट आवाजाची कमी आणि जिवाची जास्त. भाचा सहज बोलून गेला की तारांना हात लागला की कधी कधी मुंग्या येतात, आणि माईकला ओठ टेकला तर चटका बसतो. मामाचा चेहरा तिथे बदलला.

मामा : हे तू आता सांगून राह्यला? सर्वांत शेवटी?

भाचा : थोडंसंच असतं मामाजी. स्टेजवर सगळ्यांनाच होतं.

मामा : सगळ्यांले होते म्हून मराले हरकत नाई का? कन्व्हर्टरची वायर दाखव. पाह्य, दोन पिनी. पेटीच्या वायरीले तिसरी पिन हाय, ती कन्व्हर्टरपर्यंत आली अन् तिथंच मेली. पुढे अर्थिंग कुठंच गेलं नाई.

भाचा : तिसरी पिन लावली की उलट गुणगुण वाढते. नागपुरात एका प्रोग्रामला अॅम्प एका बोर्डावर होता, मिक्सर दुसऱ्या. साउंडवाल्यानं अॅम्पची अर्थिंगची पिनच काढून टाकली आणि सगळं शांत झालं. ग्राउंड लूप म्हणतात त्याला. हे शास्त्र आहे, माझं मत नाही.

मामा : लूप खरा. इलाज खोटा.

हा तंटा दोघांपुरता नाही. मंडपात, ऑर्केस्ट्रात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो रोज चालतो, आणि बहुतेक वेळा पिन मोडणारा जिंकतो, कारण त्याचा निकाल लगेच ऐकू येतो. दोन यंत्रं दोन ठिकाणच्या अर्थिंगला आणि शिवाय आवाजाच्या केबलनं एकमेकांना जोडली की तारांचा एक मोठा वेढा तयार होतो, दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि तो गुणगुणतो. इतपत भाच्याचं खरं. पण वेढा तोडायचा तो आवाजाच्या केबलमध्ये, छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला डीआय बॉक्स लावून. नाहीतर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणून. अर्थिंगची पिन तोडली की त्या दिवशी गुणगुण जाते आणि ज्या दिवशी आतली एखादी फेज पत्र्याला टेकेल त्या दिवशी गिटारच्या तारा 230 वोल्टवर जातात. मे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात माईकला हात लागताच शॉक बसून गेला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ 1976 मध्ये स्वतःच्या घरात, गिटार वाजवताना. ही नावं भाच्याला ठाऊक होती. त्यांच्या गाण्यांसह ठाऊक होती.

या कन्व्हर्टरमध्ये आणखी एक गोम होती, आणि ती मामानं मीटर लावून दाखवली. प्लग काढून ठेवलेला असताना भिंतीकडची पिन आणि अॅम्पकडचं भोक यांच्यामध्ये त्यानं मीटर धरला. काही ओहम दाखवले.

मामा : पाह्य, इकडची तार तिकडे सरळ जाऊन राह्यली. हा ऑटो हाय. एकच वेटोळं, मधातून फाटा काढला. दोन येगळी वेटोळी असती तं मीटर हललाच नसता.

भाचा : ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो, हलका असतो, आणि 115 वोल्ट बरोबर देतो. चूक काय त्यात?

मामा : दोन पिनी. आज अशी लावली, उद्या उलटी. उलटी लागली तं?

भाचा : (जरा वेळ विचार करून) तर ज्याला आपण न्यूट्रल समजतो तिथे 230 येतील. दुसऱ्या भोकात 115. जमिनीच्या हिशोबानं दोन्ही भोकं जिवंत.

मामा : अन् पेटी?

भाचा : पेटीला दोन्हींतला फरक 115 चाच मिळणार. ती मजेत चालणार.

मामा : हं. ते मजेत चालणं महाग पडते.

जुन्या अमेरिकन अॅम्पमध्ये तर दोनच पात्यांची वायर असे आणि विजेच्या एका तारेपासून पत्र्यापर्यंत एक कंडेन्सर लावलेला असे. दुरुस्ती करणारे त्याला सरळ मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. भाच्याचा अॅम्प त्यानंतरचा, म्हणून निभावलं.

मग भिंतीतल्या अर्थिंगची पाळी आली. भाच्यानं बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकात मीटर घातला. फेज आणि अर्थिंगमध्ये कधी 90 वोल्ट दाखवी, कधी 150. मामानं मीटर बाजूला ठेवला आणि होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलवर लख्ख. फेज-अर्थिंगवर काळाठिक्कर. मीटरला हवेतले वोल्टही दिसतात. बल्बला प्रवाह लागतो, आणि तो घेऊन जाणारी तार जमिनीत पोचलेलीच नव्हती. (हे काम वायरमननंच करावं, आणि घरात आरसीसीबी असेल आणि अर्थिंग धड असेल तर ते या चाचणीत पडणारच.) वायर शोधत दोघं मागच्या अंगणात गेले. जुन्या काळी कुणीतरी ती नळाच्या लोखंडी पाइपला आवळून बांधलेली होती. पुढे नळाची लाइन प्लास्टिकची झाली. तोटीखालचा हातभर लोखंडी तुकडा तेवढा राहिला, आणि अर्थिंगची वायर अजून त्यालाच इमानानं धरून होती.

मामा : आता खड्डा. अडीच मीटरचा जीआय पाइप, अडतीसचा. कोळसा अन् मीठ, थरावर थर.

भाचा : आयएस 3043 मध्ये हेच माप आहे.

मामा : मले नंबर नाई माहीत. खड्डा माहीत हाय. अन् वर नरसाळं ठेव. मे महिन्यात आपली काळी माती फाटते, पाणी टाका लागते.

खड्डा झाला, कन्व्हर्टरला तीन तारांची वायर आणि फ्यूज बसला, अर्थिंग अॅम्पच्या पत्र्यापर्यंत पोचलं. मुंग्या गेल्या. गुणगुणही आणखी उतरली. इथवर मामा सगळीकडे बरोबर ठरला होता, आणि मला वाटलं, संपलं. पण मामाला थांबवेना.

मामा : आता मूळचंच दुखणं काढू. पेटीतला पॉवर ट्रान्सफॉर्मर बदल. आपला वाइंडिंगवाला 230 चा गुंडाळून देते. मधातला हा दलालच नको. पेटी इथंच राहणार हाय ना? मंग तिले पाहुणी काहून ठेवतं? घरजावई करून टाक.

भाचा : नाही. ती जशी आली तशीच राहील. तिचा एक ट्रान्सफॉर्मर बदलला की ती ती राहत नाही. भावानं विश्वासानं दिली आहे. कन्व्हर्टर उद्या काढून टाकता येतो. कापलेला पत्रा परत जुळत नाही.

मामा : लोखंडाचा काय विश्वास! वोल्ट बरोबर मिळाले की झालं. 50 का 60, त्याले काय समजते?

भाचा : समजतं, मामाजी. हे माझं काम आहे, हे मला सांगू द्या. लोखंडात किती चुंबकत्व भरतं ते वोल्ट भागिले हर्ट्झवर ठरतं. अमेरिकेत 120 भागिले 60, म्हणजे 2. इथे कन्व्हर्टर 115 देतो, त्याला 50 नं भागा : 2.3. पंधरा टक्के जास्त. लोखंड काठोकाठ भरलं की ते तापतं, आपणच घुरघुरतं आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं. पत्र्यावर 50/60 लिहिलेलं असतं तर प्रश्न नव्हता. माझ्यावर फक्त 60 आहे.

मामा : मंग वोल्ट कमी कर. शंभर दे.

भाचा : शंभर दिले तर गणित बरोबर 2 येतं. पण वाल्व्हच्या फिलामेंटला 6.3 ऐवजी 5.25 मिळतात. ती थंड पडतात.

मामा : म्हंजे ही पेटी इथल्या विजेवर सुखी नाईच.

भाचा : ...नाही.

मामा : मंग मी काय सांगून राह्यलो होतो? माहंच म्हणणं तू गणितानं सांगितलं.

भाचा गप्प झाला खरा, पण थोडाच वेळ. 50 हर्ट्झसाठी गुंडाळायचं तर तितक्याच ताकदीला लोखंड जास्त लागतं, म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर जुन्याच्या भोकांत बसणारच नाही. पत्रा कापावाच लागेल, हे त्यानं काढलं. शिवाय आत 400 वोल्टच्या आसपासची डीसी असते, ती प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत टिकून राहते. कंडेन्सर बदलायला तिथे एकदा हात घालायचाच आहे, सगळं उस्तरायला नाही. मी या एका मुद्द्यावर भाच्याच्या बाजूचा आहे. अॅम्प अभंग ठेवावा आणि जे काय शहाणपण करायचं ते कन्व्हर्टरमध्ये करावं; बिघडला तर तो दुसरा गुंडाळता येतो. आणि शहाणपणाला तिथे भरपूर जागा आहे, हे दोघांनी मिळून काढलेल्या हिशोबात दिसतं. आळ ज्याच्यावर होता त्याचीच आता नीट बांधणी चालली होती.

भाचा : 110 केले तर? 110 भागिले 50, 2.2. फिलामेंटला 5.77. दहा टक्क्यांच्या आत बसतं.

मामा : भिंतीत 230 असले तं. ओलिताच्या दिवसांत मोटरी लागल्या की संध्याकाळी 200 वर येते, अन् रात्री अडीचशेवर जाते. तेव्हा काय करशीन?

भाचा : स्टॅबिलायझर.

मामा : रिलेचा लावशीन तं गाण्याच्या मधात टक् टक् करीन. प्रायमरीलेच टॅप काढ. 210, 230, 250. वाजवायच्या आधी मीटर पाह्य, बटन फिरव, मंग वाजव. अन् ऑटो नाई. सेकंडरी पूर्ण येगळी.

भाचा : मध्ये शील्ड हवी. तांब्याची पट्टी, अर्थिंगला जोडलेली. मग रेग्युलेटरची चरचर या बाजूला फारशी येणार नाही.

मामा : पट्टीची टोकं एकमेकांले भिडू देऊ नको म्हणा त्याले. भिडली तं तो शॉर्ट वेढा होते, अन् ट्रान्सफॉर्मर अंडं उकडाच्या कामाचा.

भाचा : किती व्हीएचा?

मामा : पेटी 100 वॉटची, तं 250 चा सांग. लोखंड जरा जास्तच घाल म्हणा. जास्त लोखंड कमी सांडते. अन् जाऊनच राह्यला तं पेटीच्या आतल्याचाही भाव काढून ये.

भाचा : तो बदलायचा नाही, ठरलं ना आपलं?

मामा : तुहं ठरलं. माहं भाव पाहून ठरन.